आंबलेलं आणि नासलेलं

भिंतीवरच्या नाकाला प्रणिता बिडवे चारचौघींत नावं ठेवायची, कारण लातूरच्या शिकवणी वर्गांच्या त्या गल्लीत मेस चालवणाऱ्या सगळ्याच बायका ठेवायच्या. यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं आणि ते कुणालाच पाठ नव्हतं. वाटीएवढं पांढरं यंत्र, समोर बारीक जाळी, खाली आकड्यांची पट्टी. त्याची कांडी पातेल्यावर धरली की पट्टीवर शिल्लक तास उमटायचे. वरण, सात. मटकीची उसळ, पाच. दही, एकवीस.

"माझ्या सासूनं कधी इतकं हुंगलं नाही माझ्या पातेल्यात," शेजारच्या मेसच्या बाई म्हणायच्या, आणि प्रणिता सगळ्यांबरोबर हसायची.

घरात मात्र दसऱ्याला मिक्सर, शेगडी आणि सोऱ्या यांच्या रांगेत तिनं नाकालाही हळदकुंकू वाहिलं. कुंकू जाळीत गेलं. नंतरचे दोन दिवस नाक साध्या पाण्यालाही नासलेलं म्हणत राहिलं. दुरुस्तीवाला आला, त्यानं जाळी काढून झटकली आणि म्हणाला, "काकू, देवाला कुंकू लावा. याला लांबून नमस्कार करत जा."

तिनं तेही केलं. रोज सकाळी, स्वयंपाकघरात कुणी नसताना.

दोन वर्षांपूर्वी तिला एक ताप आला होता. ताप आठवड्यात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, नाकाच्या वरच्या कोपऱ्यात वास टिपणाऱ्या पेशी असतात, त्यांना इजा झाली आहे. भरून येईल, कदाचित येणारही नाही. प्रणितानं ही गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नाही. एकशे वीस मुलं तिच्या हाताच्या चवीसाठी जेवायला येत होती, आणि चव म्हणजे जवळजवळ सगळं नाकच असतं. गोड, खारट, आंबट, तिखट एवढं जीभ सांगते. येसराच्या आमटीतला भाजक्या मसाल्याचा येसर, फोडणीतला लसूण, ताज्या कोथिंबिरीची कोथिंबीर, हे सगळं नाकातून येतं. प्रणिता आठवणीनं रांधू लागली. मोहरी तडतडण्याच्या आवाजावर, हळदीच्या रंगावर, हातातल्या चिमटीच्या मापावर. आमटी पूर्वीसारखीच व्हायची. एक काम मात्र आठवणीनं होत नव्हतं. उरलेलं अन्न उद्या चालेल की नाही, हे ठरवणं. सकाळच्या उसळीवरचं झाकण उघडून ती वाकायची, आणि समोर काहीच नसायचं. न्हाणीतल्या रिकाम्या बादलीत डोकं घातल्यासारखं. मग भीती वाटायची आणि ती उसळ गाईच्या पातेल्यात जायची. बरी असेल का, असा विचार करायची हिंमत तिच्यात उरली नव्हती.

मग अन्नजतन कायदा आला आणि त्याच्याबरोबर नाक आलं.

नाक काय करतं, हे नोंदणीच्या वेळी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. अन्न नासतं म्हणजे आपल्या आधी त्यावर जिवाणू जेवायला बसतात. जेवताना ते वायू सोडतात, आणि कोण काय खातंय त्याप्रमाणे ते वायू बदलतात. नाकाच्या जाळीमागे वेगवेगळ्या लेपांचे बारीक ठिपके असतात. एखाद्या वायूनं काही ठिपके फुगतात, काही आक्रसतात, काहींना त्याचा पत्ताही लागत नाही. एकेकटा ठिपका मूर्खच. पण सगळ्यांची मिळून जी नक्षी उठते ती त्या वासाचा ठसा असते, आणि यंत्राला असे लाखो ठसे दाखवून शिकवलेलं असतं. जे दाखवलं नाही, ते त्याला माहीत नाही.

कायदा त्याच्यावरच उभा होता. डब्यांवरच्या तारखा रद्द झाल्या. पन्नासाहून जास्त पानं वाढणाऱ्या प्रत्येक स्वयंपाकघरात नाक सक्तीचं झालं. खाण्याजोगं काही फेकायचं नाही; उरलं तर शिल्लक तास संपायच्या आत जतन केंद्राची गाडी येऊन घेऊन जाणार आणि ते दवाखान्याच्या आवारात पेशंटच्या नातेवाइकांना मिळणार. नासलेलं बायोगॅसच्या टाकीत, पण वजन करून. तिमाहीतली नासाडी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की नोंदणी स्थगित. पहिले काही महिने लोक वैतागले. लग्नांत आग्रह करणारे मामा गप्प झाले, कारण पानात टाकलेलं यजमानाच्या नावावर चढत होतं. मग त्यांनीच नवी तऱ्हा काढली: "अर्धीच घ्या, पण परत मागा बरं का, नाहीतर मला राग येईल." आणि जिलेबी खरंच परत मागितली जाऊ लागली.

त्या कायद्यात चौदावं कलम होतं. प्रत्येक स्वयंपाकघरानं आपला एक चवप्रमुख नेमायचा. यंत्राचं आणि चवप्रमुखाचं पटलं नाही, तर चवप्रमुखाचं खरं धरायचं. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनीच हे कलम मागून घेतलं होतं म्हणे. बिडवे मेसच्या कागदावर त्या जागी प्रणिताचं नाव होतं. दुसरं कुणाचं असणार?

*

मेस दोघी जावा मिळून चालवायच्या. नवरे, म्हणजे दोघे भाऊ, किराणा आणि भाजी आणायचे. स्वयंपाकघरात त्यांना कुणी काही विचारत नसे. धाकटी जाऊ रेणुका हाताला चपळ आणि तोंडानं कमी. पण गेल्या दोन वर्षांत तिला एक सवय लागली होती, ती प्रणिताला खुपायची. पंगत बसायच्या आधी ती हळूच येऊन प्रत्येक पातेल्याचं झाकण उचलून बघायची. "काय शोधतेस?" असं विचारलं की, "काही नाही अक्का, वाफ जाऊ दे म्हटलं." प्रणिताला वाटायचं, हिला आता माझी जागा हवी आहे.

चैत्रात रेणुकाच्या भावाला उदगीरला मुलगा झाला. बारशाला निघताना ती चप्पल घालता घालता थांबली.

"अक्का, कुरडयाचे गहू मी आल्यावर भिजवू की."

"का? तू काय पंचांग बघून भिजवणार आहेस?"

"तसं नाही. ऊन लई आहे यंदा. दोघी असलेलं बरं."

"तू या घरात यायच्या आधीपासून मी भिजवतेय," प्रणिता म्हणाली. "जा, बाळाला बघ. उशीर होतोय बसला."

रेणुका आणखी काही बोलणार होती. मग पिशवी उचलून निघाली.

प्रणितानं त्याच दिवशी दोन पिंपांत गहू भिजत घातले. वर्षभराच्या कुरडया, मुलांना वरणभाताबरोबर लागतात त्या. गहू तीन दिवस पाण्यात आंबवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा. त्या दिवसांत आंबट, कुबट दर्प गल्लीभर पसरतो आणि कुणी तक्रार करत नाही, कारण प्रत्येकाच्या घरी तोच असतो. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. टाकीत होतं तेवढ्यात एका पिंपाचं पाणी बदललं, दुसऱ्याचं उद्या बदलू म्हणून ती स्वयंपाकाला लागली. दुसरं पिंप भिंतीच्या कडेला उन्हात होतं. एरवी अशा पिंपानं संध्याकाळी स्वतःच हाक मारली असती. ती हाक नाकाला ऐकू येते. प्रणिताला आली नाही.

तिसऱ्या दिवशी, कांडी कुणी धरलेली नसताना, मागच्या दारालगतच्या भिंतीवरचं नाक लाल झालं. गहू. नासलेला. शिल्लक तास, शून्य.

नियमाप्रमाणे निरोप तिच्या फोनवर, रेणुकाच्या फोनवर आणि जतन कार्यालयात एकाच वेळी गेला.

*

जतन अधिकारी मुनीर तांबोळी दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. पस्तिशीचा माणूस, जिवाणूशास्त्र शिकलेला. मागच्या अंगणात पाऊल टाकताच त्यांनी रुमाल काढला, मग शिष्टाचार म्हणून परत खिशात ठेवला.

"आमच्या अम्मी पण करतात कुरडया," ते म्हणाले. "मी त्या दिवसांत शाळेतून उशिरा घरी यायचो."

प्रणिता हसली नाही. "साहेब, दोन्ही पिंपं गेली तर?"

"तर तिमाहीची मर्यादा ओलांडते. नोंदणी स्थगित होते. चौकशी होऊन परत मिळते, पण दीड-दोन महिने जातात."

मुलांची परीक्षा महिन्यावर होती. एकशे वीस मुलं आता कुठं जेवणार, आणि एकदा दुसरीकडे गेलेली परत येणार का?

"पण मला नाही वाटत दोन्ही गेली असतील," तांबोळी म्हणाले. "खरं सांगायचं तर या नाकाला मी दोष देत नाही. आंबणं आणि नासणं, दोन्ही कामं जिवाणूंचीच. पाणी रोज बदललं तर आम्ल करणारे जिवाणू वरचढ होतात, ते बाकीच्यांना उभं राहू देत नाहीत, मग त्याला आपण चीक म्हणतो. दुसरे जिंकले की घाण म्हणतो. ही नाकं जिथं शिकली तिथं कुणी कुरडई करत नव्हतं. त्यांना सगळं एकच वाटतं. म्हणून तर चौदावं कलम आहे. तुम्ही चवप्रमुख. हुंगा, सांगा, मी नोंद करतो आणि जातो."

"तुम्हालाही येतोय की वास. तुम्हीच सांगा ना."

"माझं नाक सरकारी, ताई. कलमात त्याला जागा नाही. जो वाढणार, जबाबदारी त्याचीच."

प्रणिता पहिल्या पिंपावर वाकली. पाण्यावर पांढरा फेस होता. तिनं श्वास छाती भरून आत ओढला. कोमट, ओली हवा. बाकी काही नाही. दुसऱ्या पिंपावरही तसाच फेस, तशीच हवा. पाणी बदलायचं राहिलेलं हेच, एवढं तिला ठाऊक होतं. पण त्यानं किती बिघडलं, आणि पहिलं तरी खरंच ठीक आहे का, हे कुठून कळणार? दोन्ही चांगली म्हणाली तर मेस वाचत होती, आणि परीक्षेच्या तोंडावर मुलांची पोटं बिघडू शकत होती. दोन्ही नासली म्हणाली तर मुलं वाचत होती आणि मेस जात होती. एक चांगलं, एक वाईट म्हणाली तर तो निव्वळ जुगार. ती तशीच वाकून राहिली, तोंड वर करायला लागू नये म्हणून.

मागचं फाटक वाजलं. रेणुका होती. खांद्याला पिशवी, डोक्यावरचा पदर बसच्या वाऱ्यानं विस्कटलेला. फोनवर निरोप बघून ती सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाली होती. तिनं आधी प्रणिताकडे पाहिलं, मग अधिकाऱ्याकडे, आणि पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली. एरवी न बोलणारी बाई, भराभरा.

"साहेब, अक्कांना सर्दी झालीय. परवापासूनच. फोनवर आवाज बसला होता की. त्यांना आज काही विचारू नका, उद्या या ना. सर्दीत कुणाला कळतंय?"

प्रणिताला सर्दी नव्हती. फोन तर झालाच नव्हता.

ती सावकाश सरळ झाली. रेणुकाच्या चेहऱ्यावर घाबरलेलं खोटं होतं, आणि त्या खोट्यामागे काय आहे ते प्रणिताला एका क्षणात कळलं.

"तुला माहीत आहे," ती म्हणाली.

रेणुकानं पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला.

"साहेब, मला सर्दी नाही," प्रणिता तांबोळींकडे वळली. "मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. अजिबात येत नाही."

बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. भिंत पडली नाही. तांबोळींनी फक्त मान हलवली, जसं कुणी गुडघा दुखतो म्हटल्यावर हलवतात.

"कधीपासून माहीत आहे गं?" तिनं विचारलं.

"कढी खाली लागली होती आणि तुम्ही निवांत ढवळत होतात," रेणुका म्हणाली. "ताप उतरला त्याच आठवड्यात."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगितलं नाहीत. मग मी कसं विचारू?"

"म्हणून झाकणं उचलत होतीस."

"हो की."

प्रणिताला आणखी काहीतरी आठवत होतं. नाक यायच्या आधीचं ते अख्खं वर्ष. "मी इतकं फेकत होते तेव्हा. गाईच्या पातेल्यात. तरी किराणा पुरत होता."

रेणुकानं पिशवी खाली ठेवली. "तुम्ही आत गेलात की मी हुंगून बघायचे. गाईचं पातेलं रोज घासलेलं असायचंच. चांगलं असलं तर उसळ थालीपिठात घालायचे, भात फोडणीला टाकायचे. बहुतेक चांगलंच असायचं, अक्का. तुम्ही फार घाबरायचात." तिनं पदर सारखा केला. "आणि ती खीर. तुम्ही चांगली म्हणून ठेवली होती, ती माझ्या हातून सांडली."

प्रणिताला ती खीर आठवली. पातेलंभर. त्यावरून तिनं रेणुकाला सगळ्यांसमोर आंधळी म्हटलं होतं, आणि पुढचे चार दिवस बोलणं टाकलं होतं. रेणुका फरशी पुसत राहिली होती, एका शब्दानं उलटून न बोलता.

"सांडली नव्हतीस," प्रणिता म्हणाली.

"नाही."

तांबोळी मध्येच खाकरले. "माफ करा. मला अजून दोन ठिकाणी जायचंय, आणि इथं फार वेळ श्वास घेणं सोपं नाही. वास न येणं हा गुन्हा नाही, ताई. चवप्रमुखाचं नाव कधीही बदलता येतं, आत्ताही. फक्त जुन्या चवप्रमुखानं ते आपण होऊन द्यायला हवं."

कायद्याच्या कागदावरचं ते एक नाव. पण पाटीवर नाही, भिंतीवर नाही, मुलांच्या तोंडी नाही, तरी अख्ख्या मेसला ठाऊक असलेलं. प्रणिताला वाटलं होतं, ते काढून घ्यायला कुणी येईल तेव्हा ती भांडेल. आता ते घ्यायला कुणी हात पुढे करत नव्हतं. रेणुका तर एक पाऊल मागेच सरकली होती.

"अक्का असताना माझं कशाला?"

"लिहा, साहेब," प्रणिता म्हणाली. "रेणुका बिडवे. आणि मागची दोन वर्षंही हिच्याच नावावर लिहिता आली तर बघा."

"तसं कलम नाही," तांबोळी म्हणाले, पण हसले.

रेणुकानं पदर खोचला आणि पहिल्या पिंपावर वाकली. डोळे मिटले. मग दुसऱ्यावर. तिथून ती झटक्यात मागे आली.

"हे चांगलं आहे," ती पहिल्याकडे बोट करून म्हणाली. "आज दुपारीच वाटायला हवं, उद्यापर्यंत थांबायचं नाही. ते दुसरं गेलं."

"कशावरून?" तांबोळींनी विचारलं. "नोंदीसाठी नाही, यंत्रासाठी. दोन्हीचे नमुने घेऊन जातो मी. ज्याचा ठसा शिकवायचा, त्याबद्दल हुंगणारा काय म्हणतो तेही लागतं."

रेणुका विचारात पडली. तिला कुणी असं काही विचारलं नव्हतं. "पहिल्यानं नाक भरतं पण घशात पाणी येतं. दुसऱ्यानं घसा मिटतो." ती प्रणिताकडे न बघता म्हणाली, "नाकाला नको विचारू, घशाला विचार, असं अक्का म्हणाल्या होत्या. माझं लग्न झालं त्या साली."

प्रणिता हे विसरून गेली होती. तिचं शिकवलेलं तिच्यातून निघून गेलं होतं आणि समोर, रेणुकाच्या मिटलेल्या डोळ्यांमागे, जसंच्या तसं शिल्लक होतं. आता ते काचेच्या दोन कुप्यांत भरलं जात होतं, आणि तांबोळी सांगत होते की पडताळणी झाली की महिन्याभरात सगळ्या राज्यातली नाकं चीक ओळखायला लागतील. पुढच्या चैत्रात कुणाच्याच चांगल्या पिंपापाशी लाल दिवा लागणार नाही.

एक पिंप गॅसच्या टाकीत गेलं, वजन करून. मर्यादा ओलांडली नाही. तांबोळी गेल्यावर दोघींनी उरलेले गहू वाटले, गाळले. एकदा प्रणिता म्हणाली, "आंधळी म्हटलं होतं ना गं मी तुला." रेणुका म्हणाली, "चाळणी धरा नीट, सांडतंय."

*

संध्याकाळी मुलं हात धुऊन पाटांवर बसली. येसराची आमटी उकळत होती. प्रणिता सवयीनं पळी घेऊन पातेल्यापाशी गेली, कांडी पुढे केली. सहा तास. गेलं वर्षभर हाच आकडा बघून ती सुटकेचा श्वास सोडत आली होती, आणि आजही तिला त्या पांढऱ्या वाटीबद्दल बरं वाटलं. भयानं दिवस काढणाऱ्या माणसाला त्या वाटीनं धीर दिला होता. पण ती वाढायला वळली नाही.

"रेणुका," तिनं हाक मारली, पंगतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "ये गं. बघ आमटी."

पंगतीतल्या दोन-चार मुलांनी माना वर केल्या. आजवर आमटी कुणी दुसऱ्यानं बघितलेली त्यांनी पाहिली नव्हती. रेणुका ओले हात पुसत आली, लाजली, आणि या वेळी झाकण चोरून नव्हे तर सरळ उचललं. वाकली.

"लसूण छान लागलाय," ती म्हणाली. "थोडा करपायच्या बेतात होता, पण वेळेवर उतरवलात. येसर आज नवा भाजलाय ना? वर येतोय त्याचा वास. खोबऱ्याचाही."

प्रणिता ऐकत राहिली. दोन वर्षांत तिच्या आमटीत काय काय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लसूण. येसर. खोबरं. आहेत म्हणजे सगळे जागेवर.

"मग वाढू?" तिनं विचारलं.

"मिठाचं मला विचारू नका," रेणुका म्हणाली. "मीठ नाकाला कळत नाही. ते तुम्हीच बघा."

प्रणितानं पळीच्या टोकावरची आमटी तळहातावर घेऊन जिभेला लावली.

"कमी आहे," ती म्हणाली, आणि मिठाच्या बरणीत हात घातला.